पुष्पाताईंची न भुंकणारी कुत्री

पुष्पाताई गावंडेंच्या घरी जायचं तर आधी फाटकाशी उभं राहावं लागे. त्या जाळीच्या दाराआडून विचारत, "काहून गं, आज पावडर लावली का?" लावली असली की मी आपली परत घरी येऊन मान धुवायची आणि पुन्हा जायची. त्यांच्या घरात अगरबत्ती नव्हती, फिनाइल नव्हतं, देवापुढे वासाची फुलंही नसत. यवतमाळात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्याकडे फोडणीचा, धुण्याचा, उदबत्तीचा असा सगळा वास, आणि भिंतीपलीकडे काहीच नाही. त्या घरात पाऊल टाकलं की आपल्याच अंगाचा वास आपल्याला येऊ लागे.

आणि कुत्री. घरात दोन-तीन तरी कायम असत, पण भुंकण्याचा आवाज मी तिथे कधीच ऐकला नाही. पोस्टमन आला, माकडं आली, शेजारच्या लग्नात फटाके फुटले, तरी नाही. ती नुसती बघत. दारातून आत येणाऱ्याकडे एकदा वळून पाहत आणि मग मान फिरवत. एखाद्या दिवशी एखादं कुत्रं मान फिरवायला जरा उशीर करी. मला ना मधुमेह, ना काही. तरी मनात येई, याला काय दिसलं?

"दिसत नाही, वास येते त्याले," ताई म्हणत. "अन् तुझा नाही येत. बस खाली."

पुष्पाताई तहसील कचेरीत अव्वल कारकून होत्या. उंच, सडपातळ, पांढरेशुभ्र केस घट्ट मागे बांधलेले. बोलणं तोडून. निवृत्त झाल्या तरी कचेरी अंगातून गेली नव्हती. कुत्र्यांची नावंसुद्धा त्यांनी तिथलीच ठेवली होती: कोतवाल, नाझर, पेशकार. "टॉमी-बिमी कायले ठेवू? यायले काम हाय," असं त्या म्हणत. ते काम एकच. ज्यांना इन्शुलिन घ्यावं लागतं त्यांची साखर अचानक खाली येऊ लागली की माणसाला कळायच्या आत कुत्र्यानं सांगायचं. त्या माणसाच्या गुडघ्यावर पंजा ठेवायचा आणि तो काढायचा नाही.

हे सगळं कशातून सुरू झालं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण ताईंच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना गावंडेसाहेब म्हणत असू, पाटबंधारे खात्यात होते. बरीच वर्षं इन्शुलिनवर. थंडीचे दिवस होते, रविवारची दुपार. साहेबांनी इंजेक्शन घेतलं, दोन घास खाल्ले, मन नाही म्हणून ताट सारलं आणि पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. ताई स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होत्या आणि तिथूनच त्यांच्याशी बोलत होत्या. मुलीच्या नागपूरच्या घराचं काहीतरी चाललं होतं. साहेब "हं" म्हणत होते. खुर्चीची पाठ ताईंकडे होती.

तेवढ्यात गल्लीतली एक काळी कुत्री जाळीच्या दारावर नखं घासू लागली. मग रडू लागली. मान वर करून, लांब सूर काढून. ताईंनी दोनदा हाकललं. शेवटी तांब्याभर पाणी तिच्या अंगावर फेकलं आणि परत येऊन भाजी निवडायला बसल्या. पुढेही बोलत राहिल्या.

"तो हं म्हणे का नाही म्हणे, माझं ध्यानच नव्हतं," ताई मला म्हणाल्या. "बोलून तर मी बराच वेळ राहिली होती. आता मले सांग, त्यातलं कोणतं हं शेवटचं?"

भाजी निवडून झाली तेव्हा त्या बाहेर आल्या. साहेबांचे डोळे उघडे होते. एवढ्या थंडीत बनियन पिळून काढावं इतकं ओलं झालं होतं. डॉक्टर आले, त्यांनी कात्रीनं ते कापलं, छाती दाबून पाहिली, पण उपयोग नव्हता. घर माणसांनी भरलं. त्या गडबडीत ताईंनी ते ओलं बनियन उचललं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं.

"कायले ठेवलं?" मी विचारलं.

"तेच तर मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हातानं ठेवलं. मी नाही."

काळी कुत्री तेरावं होईपर्यंत दारातून हलली नाही. ताईंनी तिला घरात घेतलं. कचेरीच्या ओळखीतून त्यांना पुसदचे कडू मास्तर सापडले. लष्करात कुत्री शिकवून निवृत्त झालेले, मोठ्या मिशांचे, फार मायाळू गृहस्थ. बॉम्ब शोधणारी कुत्री त्यांनी तयार केली होती. ताईंनी त्यांना विचारलं, कुत्र्याला साखर उतरल्याचा वास येऊ शकतो का? ते म्हणाले, येतो, बाहेरच्या देशांत अशी कुत्री आहेत. पण शिकवायला त्या वेळचाच घाम लागतो, आणि तो लगेच गोठवून ठेवलेला लागतो. तो तुम्ही कुठून आणणार?

ताई उठल्या आणि फ्रीजमधून पिशवी घेऊन आल्या.

कडू मास्तर नंतर मला म्हणाले होते, "मी बारूद हाताळला जी आयुष्यभर. पण ती पिशवी उघडायच्या आधी मी चपला काढल्या."

त्या बनियनचा टिचभर तुकडा कापून डबीत ठेवायचा. शेजारी तशाच डब्या, त्यात साधा कापूस. कुत्रं नेमक्या डबीपाशी बसलं की शाबासकी आणि चिकनचा तुकडा. काळी पहिल्याच दिवशी शिकली. शिकली म्हणणंही खरं नाही. तिला ते येतच होतं. पुढे इन्शुलिन घेणारी ओळखीची माणसं आपली साखर उतरली की कापूस मानेवर फिरवून ताईंना आणून देऊ लागली. पण नव्या कुत्र्याचा पहिला धडा साहेबांच्या बनियनवरच होई. त्या घरात तयार झालेल्या प्रत्येक कुत्र्यानं सगळ्यांत आधी त्या दुपारचा वास घेतला होता.

गल्लीत अर्थातच बोललं जाई. "बाईनं नवऱ्याले फ्रिजात ठेवलं हाय." लहान मुलं त्यांच्या दारावरून पळत जात. ताईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं काय हाय त्यात?"

भुंकू न देण्याचा हट्ट ताईंचाच. कडू मास्तर म्हणाले होते, भुंकून इशारा देणं सोपं पडेल, दुसऱ्या खोलीतही ऐकू जाईल. ताई म्हणाल्या, "भुंकलेलं कोणी ऐकत नाही. मी ऐकलं नाही. पंजा ठेवला तर काढावाच लागते."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते त्या कुत्रं न्यायला आलेल्या प्रत्येकाकडून म्हणवून घेत: "कुत्रं सांगते, मीटर ठरवते." कुत्र्याच्या भरवशावर साखर तपासणं सोडलं, असं कुणी म्हणालं तर त्या त्याला झापत. त्यांच्या कापडी पिशवीत साखर मोजायचं मीटर, साखरेच्या पुड्या आणि पाण्याची बाटली कायम असे.

उमरखेडच्या लग्नात मी त्यांच्यासोबत होते. ताईंच्या नात्यातलंच लग्न. कोतवालला गर्दीची सवय व्हावी म्हणून ताईंनी त्याला बरोबर घेतलेलं. लग्नघरच्यांना ते आवडलं नव्हतं, पण ताईंना कोण बोलणार? मंगल कार्यालयात दुपारच्या पंगती चालल्या होत्या. कोतवाल ताईंच्या पायाशी बसला होता, तो एकदम उठला. साखळीला ओढ देत, पाहुण्यांच्या घोळक्यातून वाट काढत तो नवरदेवाच्या काकांसमोर गेला. सफारीतले, गोरेगोमटे गृहस्थ, हातवारे करून काहीतरी गंमत सांगत होते. कोतवालनं मागच्या पायांवर बसून त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

त्यांनी पाय झटकला. कोतवालनं पुन्हा ठेवला.

"भाऊ, तुम्ही इन्शुलिन घेता का जी?" ताईंनी विचारलं.

"कोण म्हणे? मले काही नाही. हे कुत्रं घ्या पहिले."

"घेत असाल तर आत्ता काही गोड खा. पंगतीची वाट नका पाहू."

"सांगितलं नं बाई, मले काही नाही!" ते चिडले. त्यांची बायको शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "घेतात जी. कोणाले सांगू देत नाहीत."

काका तिच्यावर ओरडायला वळले आणि वळता वळता थांबले. चेहऱ्यावरचा राग तसाच पुसला गेला. ते ताईंकडे बघून हसू लागले, अगदी लहान मुलासारखं. कपाळावर घामाचे थेंब आले होते. "आई," ते म्हणाले, "तू कवा आली? तुले तर..." आणि खिशातल्या अक्षता काढून ताईंच्या हातावर ठेवू लागले. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

ताईंनी अक्षता घेतल्या. दुसऱ्या हातानं मीटरसाठी त्यांचं बोट धरलं. आकडा पाहिला आणि साखरेचं पाणी त्यांच्या ओठांशी धरलं. "हाव, आली. पे आता," त्या म्हणाल्या. काका मुकाट्यानं प्यायले.

थोड्या वेळानं काका भानावर आले. त्यांना काहीच आठवत नव्हतं. लोकांनी ताईंचं कौतुक केलं, लग्नघरच्यांनी हात जोडले. पण मला आठवतं ते नंतरचं. आम्ही जेवायला निघालो तेव्हा गर्दी आमच्यासाठी बाजूला झाली. कुणी कोतवालच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. उलट ज्याच्या अंगावरून त्याची नजर जाई, तो पदर सारखा करी, रुमालानं कपाळ पुशी, नाहीतर दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं मोटरसायकलच्या पार्टचं दुकान आहे, वर घर. त्यांची आयेशा शाळेत असल्यापासून इन्शुलिनवर. आधी साखर उतरली की तिचे हात कापत, घाम येई, तिला कळे. फार्मसी कॉलेजात गेल्यावर ते कळणंच बंद झालं. बोलता बोलता ती एकदम बेशुद्ध पडे. एकदा जिन्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले. ताई स्वतःहून सलीमभाईंकडे गेल्या.

"ताई, तुमच्या शब्दाच्या बाहेर नाही मी," सलीमभाई म्हणाले, "पण कुत्ता घर में... आमच्यात नमाजची जागा असते, तुमच्या सोवळ्यासारखी पाकी असते. नाही जमणार."

"मग मस्जिदीत विचारून पाहा. मी थांबते."

ताई खरोखरच दुकानात स्टुलावर बसून राहिल्या. सलीमभाई इमामसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, "जान बचाने के लिए है तो रखो, बोले. नमाजच्या खोलीत नको, अन् लाळ लागली तर धुवा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणालात त्याचं?"

"नाझर."

"नज़र?"

"तसंच समजा."

आयेशाच्या कापसावर नाझरला शिकवायला सगळा उन्हाळा गेला. तो तिच्याकडे राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत सलीमभाई सकाळी ताईंच्या दारात आले. फाटकाशी थांबले, अत्तर लावलं होतं म्हणून आत येईनात. "पोरगी हसत होती जी, चहा पीत होती," ते बाहेरूनच म्हणाले. "यानं पंजा ठेवला. मीटरवर बरोबर आली. मी म्हटलं, गलत बोल रहा है. हा हटेना. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तर एकदम खाली. ती तेव्हाही हसतच होती, ताई. तिला काही माहीतच नव्हतं." एवढं बोलून ते रडू लागले. ताई फाटकाबाहेर आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सलीमभाईंच्या पाठीवर हात ठेवला. आयेशा आज यवतमाळातच औषधांच्या दुकानात काम करते. नाझर काउंटरखाली बसतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात वादळ झालं, झाडं तारांवर पडली, आमच्या भागात वीज बरेच दिवस आली नाही. ताईंच्या फ्रीजमधलं सगळं खराब झालं. बनियनही. त्यांनी मला बोलावलं आणि दोघींनी मिळून परसात खड्डा करून ते पुरलं. ताई रडल्या नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "आता नव्या कुत्र्यायले तो माहीत नसन."

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. फ्रीज तोवर बदलला होता, घर पुन्हा पुन्हा पुसून झालं होतं. दुपारी आम्ही तिघी ताईंच्या पुढच्या खोलीत बसलो होतो, ताई, आयेशा आणि मी. नाझर आयेशाजवळ झोपला होता. तो उठला. आयेशाकडे न जाता खोली ओलांडून वेताच्या खुर्चीपाशी गेला. त्या खुर्चीत कुणीच बसत नसे. नाझर समोर बसला, पंजा उचलला आणि खुर्चीच्या कडेवर ठेवला. गुडघा जिथे येतो तिथे.

आयेशानं घाईनं स्वतःची साखर तपासली. व्यवस्थित होती. "नाझर, इकडे ये," ती म्हणाली. तो हलला नाही. त्याची नजर खुर्चीच्या पाठीवर, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर होती.

"ताई, तिथे काही ठेवलं होतं का?" मी विचारलं. "ती पिशवी वगैरे?"

"पिशवी तुझ्यासमोर पुरली नं?"

ताई शांतपणे उठल्या आणि आत गेल्या. पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. त्या साखरेचं पाणी घेऊन आल्या, खुर्चीसमोर वाकल्या आणि पेला खुर्चीच्या हातावर ठेवला. तो पडू नये म्हणून बोटांनी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी नाझरच्या डोक्यावर थोपटलं. "शाब्बास. सांगितलं तू. ऐकलं मी."

नाझरनं पंजा काढला आणि आयेशाजवळ येऊन पुन्हा झोपला.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. जुन्या वेतात घाम मुरलेला असेल, ऊन पडल्यावर उठला असेल, असं मी मनाला सांगितलं. ताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी खुर्ची अंगणात काढली आणि धुणं धुणाऱ्या बाईच्या सासऱ्याला बसायला देऊन टाकली. त्यांचा चेहरा मला त्या दिवसापासून मोकळा वाटला.

शेवटचं कुत्रं पेशकार. तो झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षकासाठी तयार केला होता. मेश्राम गुरुजी, तरुण माणूस, लहानपणापासून इन्शुलिनवर. शाळा जंगलात, दवाखाना लांब. ताईंनी जीप ठरवली आणि मला म्हणाल्या, चल. सागवानातून रस्ता जात होता. पेशकार आमच्या दोघींमध्ये बसला होता, आणि वाटभर तो ताईंच्या पोटाशी नाक नेत होता. ताई त्याचं तोंड बाजूला करत. "तुझी ड्यूटी तिकडे हाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, तुमची तपासणी करून घेऊ या का एकदा? त्या म्हणाल्या, "मले शुगर नाही. कालच पाहिली."

साखर त्यांना नव्हतीच. काही आठवड्यांनी जे निघालं ते वेगळं होतं, पोटात, आणि फार पसरलेलं. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली तेव्हा मी परगावी होते, आणि पुढे बातमीच आली. पण माझ्या मनात त्या शेवटच्या उरल्या आहेत त्या त्याच दिवशीच्या, त्या शाळेच्या गावातल्या.

गुरुजींनी पेशकारला घेतलं. "कुत्रं सांगते, मीटर ठरवते," असं ताईंनी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. शाळेची मुलं गोळा झाली, चहा झाला. ऊन कलायला लागलं होतं. मी जीपमध्ये जाऊन बसले. ताई शाळेपासून रस्त्यापर्यंत एकट्याच चालत येत होत्या. वाटेत गावातली घरं होती.

पहिल्या घरातून एक पिवळट कुत्रं बाहेर आलं. मग पलीकडच्या अंगणातून दुसरं. जंगलातल्या गावची कुत्री, परका माणूस दिसला की अंगावर धावणारी. आम्ही आलो तेव्हा जीपच्या मागे लागलीच होती. आता एकही भुंकत नव्हतं. गोठ्यामागून, कुंपणातून, जांभळाखालून ती येत राहिली आणि ताईंच्या वाटेवर बसत गेली. त्यांना कुणी कधी काही शिकवलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं ताईंकडे होती. दारात उभ्या असलेल्या एका म्हातारीनं आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

ताई थांबल्या. जीपचा ड्रायव्हर हॉर्न द्यायला गेला, मी त्याचा हात धरला.

त्यांनी एकेका कुत्र्याकडे पाहिलं, जशा त्या कचेरीत रांगेतल्या माणसांकडे बघत असतील, कुणाला न टाळता. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसल्या. पिवळट कुत्रं पुढे सरकलं. ताईंनी आपला तळहात उघडून त्याच्यापुढे धरला.

"पाहून घे बाप्पा," त्या म्हणाल्या. "नीट पाहून घे."